शेवटचं घर

स्केटिंगचा सराव संपला की पोरींना घरी सोडायची आमच्या गावात एकच रीत: जवळचं घर आधी, लांबचं शेवटी. कॅनडातल्या या सस्कॅचेवानच्या थंडीत पेट्रोल जाळत उलटं कोण जाणार? कोच लॉईड पस्तीस वर्षं ही रीत पाळतोय आणि गाव त्याला देवमाणूस म्हणतं.

मी डार्ला, स्केटिंगच्या रिंकवरच्या कँटीनमध्ये बटाटे तळते. सकाळी सपाटीचं यंत्र फिरून गेलं की बर्फ इतका गुळगुळीत होतो की नजर हटत नाही. तेराव्या वर्षी मी स्केट्स काढले ते काढलेच. आई म्हणाली, खूळ उतरलं एकदाचं. उतरलं कसलं. बेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी पाय आतल्या आत गिरक्या घेतात. एवढी ओढ मला नवऱ्याचीही कधी वाटली नाही, आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

तेव्हा शेवटचं घर आमचं होतं. आता ब्रिनचं आहे.

मंगळवारी सराव आटोपून ब्रिन काउंटरशी आली. बारा वर्षांची, एरवी तोंडाचा पट्टा चालू. त्या दिवशी नुसती बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती.

"डार्ला, माझं घर आधी येईल असा एखादा रस्ता आहे का गं?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

"आज मी सोडते तुला."

लॉईड दाराशी किल्ल्या वाजवत उभा होता. "काय गं, माझं गिऱ्हाईक पळवतेस?" तो हसला.

"ती माझ्याबरोबर येतेय," मी म्हणाले आणि कँटीनचं शटर ओढलं.

आम्ही त्यांच्या घरी पोचलो तेव्हा ब्रिनची आई जोलीन गोठ्यातून हात पुसत आली. ब्रिन अंघोळीला गेल्यावर मी तिला म्हणाले, "पोरीला त्याच्या गाडीत पाठवू नकोस."

"इथे गाई व्यायला लागल्यात. मी काय स्वतःचे दोन तुकडे करू? तो बिचारा फुकट आणतो, सोडतो. उगाच कुणाच्या तोंडाला काळं फासू नये, डार्ला. आणि तो गेला तर हिला शिकवणार कोण? बर्फाशिवाय मरेल ती."

मीही ह्याच भीतीनं गप्प बसले होते, आणि बर्फ गेला तो गेलाच.

"तू कशावरून बोलतेस पण?" जोलीननं विचारलं.

मला तिच्याकडे बघून सांगता येईना. स्केटिंग संघटनेनं कोचविरुद्धच्या तक्रारीसाठी दिलेला नंबर कँटीनच्या भिंतीवर मीच चिकटवला होता, रोज बघून पाठ झालेला. तिच्याच टेबलापाशी बसून मी तो लावला.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वतः काही पाहिलंत का?"

"मुलीनं मला रस्ता विचारला."

"त्यावरून शंका का आली तुम्हाला?"

"कारण त्या गाडीतून मी शेवटी उतरायचे. बारा वर्षांची होते."

"बोला, मी ऐकतेय," बाई म्हणाल्या.

एवढंच कुणी म्हणावं म्हणून मी तीस वर्षं आसुसले होते. मी सगळं सांगितलं. जोलीन भिंतीला टेकून उभी होती, मध्येच खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. सांगून झालं तरी मला फोन ठेववेना.

जोलीननं हात पुढे केला. "दे इकडे," ती म्हणाली, आणि फोनवर लेकीचं पूर्ण नाव सांगितलं.