पान ओढ्याकडे कधीच वळत नाही

सकाळचे सहाही वाजले नव्हते, पण अभयारण्याच्या चौकीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बावीस वनरक्षक गणवेशात रांगेत उभे. त्यांच्या मागे घरची माणसं, जीपचा ड्रायव्हर, कॅन्टीनवाला आणि फाटकाबाहेरच्या वस्तीतले पन्नासेक लोक. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाचा जावई. सगळ्यांचे डोळे एका पितळी ताटावर. ताटात पाणी, पाण्यावर सुकलेलं पान आणि ताटामागे मांडी ठोकून बसलेले दिशाबाबा. ताट ज्या बुटक्या टेबलावर होतं, त्यावर ऑफिसच्या मीटिंगचं हिरवं कापड जमिनीपर्यंत लोळत होतं.

"जंगल बोलतं!" बाबा गरजले. "पण माणसाच्या कानात मळ! पानाला ऐकू येतं. पान म्हणजे झाडाचं लेकरू. आईची हाक लेकराला कळणार नाही, तर काय कॅन्टीनवाल्याला कळणार?"

"खरंय, खरंय," कॅन्टीनवाला म्हणाला. तो रोजच खरंय म्हणे, कारण बाबांची गर्दी चहा त्याचाच पीत असे.

पान थरथरलं, हळूच वळलं आणि उत्तरेकडे टोक करून थांबलं. गर्दीतून एक लांब उसासा निघाला.

"उत्तर! आज गस्त उत्तरेला. तिकडे जाणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही."

बावीस जणांनी हात जोडले आणि बावीसच्या बावीस उत्तरेला निघाले.

हे सगळं मामा मागे उभे राहून बघत होते. मामा म्हणजे निवृत्त वनाधिकारी. तीस वर्षं चोरट्या शिकाऱ्यांच्या मागे फिरण्यात गेलेली. गस्त कशी घालावी, कोर्टात टिकेल असा पुरावा कसा गोळा करावा, हे सांगायला त्यांना तीन महिन्यांसाठी सल्लागार म्हणून बोलावलं होतं. सल्लागाराचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि इथे तर शेळ्यांनी दुसराच गुराखी धरलेला. त्यांची सख्खी भाची याच चौकीत वनरक्षक होती. ती मामा म्हणे, म्हणून सगळी चौकी मामा म्हणू लागली. सल्लागाराला एवढा तरी मान मिळाला.

भाचीचा नवराही वनरक्षकच होता. दोन वर्षांपूर्वी पश्चिमेच्या ओढ्यावर शिकाऱ्यांनी त्याला गोळी घातली. त्यांची पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती. पुढे दोन महिन्यांत दिशाबाबा आले, आणि तेव्हापासून चौकीतल्या कुणाला साधं खरचटलंही नाही. असा चमत्कार असल्यावर हात जोडू नयेत असं कुणाला सांगायचं?

मामांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणजे अभयारण्याचे मुख्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं.

"बावीस महिन्यांत एकही चकमक नाही!" साहेबांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "वरून अभिनंदनाचं पत्र आलंय."

"आणि शिकारी पकडले किती?"

"भेटले तर पकडणार ना, मामा!"

"चोर जिथे नाहीत तिथेच रोज जाऊन आलं, तर चोर भेटायचे कसे?"

मामांनी टेबलावर नकाशा पसरला. गस्तीच्या रजिस्टरवरून त्यांनी आठ दिवस खपून निळ्या रेघा मारल्या होत्या: सहाशेच्या वर गस्ती, सगळ्या उत्तरेला नाहीतर पूर्वेला. मेलेली जनावरं जिथे सापडली, तिथे लाल ठिपके. सगळे ओढ्याच्या काठाने. शेवटचा ठिपका कानतुटकीचा होता. ती बिबट्याची मादी. एक कान अर्धा, म्हणून ते नाव. गेल्या महिन्यात ती ओढ्याच्या घळीत तारेच्या फासात कमरेपाशी अडकून मेली. पशुवैद्यांच्या मते तिला मरायला तीन दिवस लागले असावेत. तिची दोन पिल्लं पुन्हा कुणालाच दिसली नाहीत.

"आणि हे पाच दिवस बघा," मामा म्हणाले. "बाबांना ताप होता. गस्त आपल्या मनाने कुठेही गेली. त्या पाच दिवसांत ओढ्यावर चाळीस फास सापडले आणि एक माणूस हाती लागला. बावीस महिन्यांत तेवढाच एक."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. "योगायोगही असू शकतो," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी भाचीने मामांना ताटासमोर ओढत नेलं. "विश्वास नका ठेवू, पण निदान नमस्कार तरी करा. चारचौघांत बरं दिसत नाही." मामा वाकले. गळ्यातलं होकायंत्र लोंबून ताटाच्या कडेपाशी आलं, आणि मामांचे डोळे काट्यावर थांबले. तीस वर्षांत त्या काट्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता. आज मात्र त्याने उत्तर सोडून सरळ बाबांच्या गुडघ्याकडे तोंड केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर मामांनी होकायंत्र ताटाशेजारी ठेवलं. काटा गर्रकन फिरला. लोक पुढे सरकले.

"बघा हो बघा!" बाबा टाळी वाजवून ओरडले. "सल्लागारांचं यंत्रसुद्धा शक्तीपुढे वाकलं!"

जयजयकार झाला. मामांना क्षणभर वाटलं, आपण परत घरी जावं आणि कुंड्यांना पाणी घालावं. पण त्यांनी पायाशी पडलेलं दुसरं पान उचललं.

"बाबा, जंगलाची सगळी पानं झाडाचीच लेकरं ना? मग आज याला ऐकू द्या."

बाबांनी डोळे मिटले. "ते पान अजून कच्चं आहे."

"वाळून कडकडीत झालंय हो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदाच गर्दीत हसू पसरलं.

मामांनी ताटातलं पान काढून आपलं ठेवलं. बाबांनी मंत्र म्हटले, घाम पुसला, आवाज चढवला. पान वाऱ्याबरोबर ताटभर हिंडलं आणि कडेला जाऊन चिकटलं. मग मामांनी बाबांचं पान बोटांनी उभं चिरलं. मधल्या शिरेतून शिवणाची अर्धी सुई निघाली. त्यांनी हिरवं कापड वर केलं. टेबलाखाली बाबांचा उजवा गुडघा, आणि त्याला फडक्याने बांधलेला, जुन्या लाउडस्पीकरमधला लोहचुंबक. मामांनी सुई जवळ नेली, तर ती त्यांच्या बोटांतून सुटून टक्कन गुडघ्याला जाऊन चिकटली.

"गुडघा जिकडे, पान तिकडे," मामा म्हणाले. "पितळ चुंबकाला अडवत नाही. बाबांना जंगल काही सांगत नव्हतं. ओढ्यावरून मांस आणि कातडी नेणारी गाडी बाबांचा मेहुणा चालवतो. त्या पाच दिवसांत पकडलेल्या माणसाने तसा जबाब दिलाय. तो जबाब फायलीत पडलाय, आणि फाईल कपाटात."

लोक चिडले, ओरडले, ताट उलटं झालं. पोलीस आले, बाबांना घेऊन गेले. पण चौथ्या दिवशी बाबा सुटले. फसवणूक झाल्याची तक्रार द्यायला बावीस वनरक्षकांतला एकही पुढे आला नाही, आणि मेहुण्याचा तपास सुरू असल्याचं कळवण्यात आलं. महिन्याभरात बातमी आली की शेजारच्या अभयारण्यात एक साधू आलेत, ते नारळाच्या करवंटीवरून दिशा सांगतात. मामांनी तिथल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. "अनुभव घेऊन पाहतो," असं उत्तर आलं.

पण त्याआधी, बाबांना नेलं त्याच संध्याकाळी, भाची क्वार्टरच्या पायरीवर बसून बुटाला टाका घालत होती. मामा शेजारी येऊन बसले. शाबासकी मिळेल असं त्यांना वाटत होतं, खोटं कशाला बोला.

"मला माहीत होतं," ती मान वर न करता म्हणाली.

"काय?"

"पान दोनच बाजू दाखवतं, हे. मला मोजता येत नाही का, मामा? ते ओढ्याकडे कधीच वळत नव्हतं. म्हणूनच तर मी रोज हात जोडायची." तिने दोरा दाताने तोडला. "पान खोटं होतं. पण संध्याकाळी मी घरी येत होते, ते खरं होतं. बावीस जणांत हातातला वायरलेस एक. जीप एक, ती ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. शिकाऱ्यांकडे बंदुका. तुम्ही आमचं पान काढून घेतलंत. आता त्या जागी काय देताय?"

लोक मूर्ख असतात म्हणून फसतात, असं मामा तीस वर्षं भाषणांत सांगत आले होते. ही मूर्ख नव्हती. हिला कुणी काहीच दिलं नव्हतं, म्हणून तिने पान धरलं होतं.

त्यांनी अहवाल लिहिला: बारा वायरलेस, दुसरी जीप, ओढ्यावर कायमची चौकी, मेहुण्यावर खटला. साहेबांनी तो वर पाठवला. वरच्यांनी आणखी वर पाठवला. कागदी घोडे नाचू लागले. दोन पत्रं, चार फोन, एकदा स्वतः जाऊन व्हरांड्यात चार तास बसणं, सगळं झालं. "प्रस्ताव विचाराधीन आहे," एवढंच हाती आलं.

शेवटी त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. बिस्किटांचा एक रिकामा डबा घेतला. सहा चिठ्ठ्या केल्या: उत्तर, पूर्व, दक्षिण, टेकडी, तळं, ओढा. "आता सगळे एकाच बाजूला जायचं नाही. रोज सकाळी प्रत्येक तुकडीने एक चिठ्ठी काढायची. आज कोण कुठे जाणार, हे आपल्यालाच आधी माहीत नसलं, तर शिकाऱ्याला कुठून कळणार?"

पहिल्या सकाळी सगळ्यात जुन्या वनरक्षकाने डबा दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि कपाळाला लावला. "सांभाळ बाबा," तो पुटपुटला.

"अरे, ठेव तो खाली!" मामा कधी नव्हे ते ओरडले. "या डब्याला काही कळत नाही! काही म्हणजे काही नाही. तो तुमचं रक्षण करणार नाही, जंगलाचं ऐकणार नाही. त्याला कळत नाही, म्हणूनच तर कुणी त्याला फितवू शकत नाही. कळायचं ते आपल्याला. उद्या मीही सांगितलं की अमुक बाजूला जा, तर मला विचारा, का? नकाशा मागा. साहेबांना विचारा, वायरलेस का नाही? जे उत्तर देत नाहीत आणि फक्त हात जोडायला लावतात, त्यांच्या टेबलावरचं कापड एकदा वर करून बघा."

भाचीने पुढे येऊन डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली.

"ओढा," तिने वाचलं.

सगळी चौकी मामांकडे बघू लागली. भाचीनेही पाहिलं, जवळजवळ हसत, जसं ती लहानपणी पाटीवर गणित चुकलं की त्यांच्याकडे बघे. 'परत ठेव, दुसरी काढ,' हे शब्द मामांच्या जिभेवर आले होते. ते म्हटले, की टेबलाखाली आपलाही गुडघा आला, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चौकीतला एकुलता एक हातातला वायरलेस तिच्या हातात दिला, आणि तिच्याबरोबर चारच्या जागी सहा माणसं दिली. त्याहून जास्त द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

ती गेली. मामा चौकीतल्या टेबलावरच्या वायरलेस सेटसमोर बसले. अकरा वाजता तो खरखरला. "मामा, पोचलो. अकरा फास सापडले. फोटो काढून, पंचनामा करून कापतोय. ताज्या पायांचे ठसे आहेत. अजून कुणी दिसलं नाही."

"बरं," मामा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आवाज बंद झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की त्यांचा उजवा हात मघापासून त्या बिस्किटांच्या डब्यावर होता, आणि घट्ट होता. त्यांनी तो काढून घेतला. मग लेखणी उचलली आणि वायरलेससाठी तिसरं पत्र लिहायला घेतलं.