जांभळं बूच

आमचे हे नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. नाव भिमाजी, पण मी नवऱ्याचं नाव घेणारी बाई नाही. इथून पुढं कुठं 'ह्यांनी' म्हटलं की तेच समजायचं. लोखंड कसं कापायचं ते त्यांना चांगलं कळे, त्यामुळं जगात जे जे लोखंडाचं ते ते आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत होती. आमची मोटारसायकल लष्कराच्या लिलावातली, माझ्याही आधी ह्या घरात आलेली. रोज सकाळी केडगावच्या आमच्या दारात तिची पुसापुशी चाले. माझी विचारपूस राहिली तर राहिली.

माझा धाकटा भाऊ रंभाजी जामखेडला स्टँडजवळ गाड्या दुरुस्त करायचा. दुष्काळाच्या आदल्या साली त्यानं आमच्या गाडीच्या क्लचचं काम केलं. त्या जुन्या गाड्यांच्या क्लचप्लेटींना भोकं असत आणि भोकांत बुचाचे तुकडे बसवलेले असत. ती बुचं घट्ट धरली तरच इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचे. मी तेव्हा माहेरीच होते. रंभाजीनं आईच्या पातेल्यात नवी बुचं उकळून मऊ केली, आई पातेल्यासाठी त्याच्यावर ओरडली आणि आम्ही दोघं बहीणभाऊ पोट धरून हसलो. शेवटी एक बूच कमी पडलं. मग त्यानं आईच्या खरजेच्या औषधाच्या बाटलीचं बूच कापून बसवलं. औषधानं ते आरपार जांभळं झालेलं होतं. गाडी देताना त्यानं ह्यांना बजावलं, की क्लचची दांडी जराशी ढिली लागेल, ती तशीच राहू द्या.

पण ह्यांना ढिलं काही खपत नाही. घरी आल्याबरोबर त्यांनी त्या दांडीची वायर आवळून टाकली. महिनाभरात गाडी चढाला घसरायला लागली. इंजिन बोंबलायचं आणि चाक जागच्या जागी. ह्यांनी वायर आणखी आवळली. झाकण काढून आत बघावं, तर तेवढं मात्र केलं नाही. निकाल दिला तो असा, की रंभाजीनं नवी बुचं दुसऱ्या कुणाच्या गाडीला घातली आणि आपल्या गळ्यात जुनी बांधली. मी पातेल्याची आणि जांभळ्या बुचाची हकीकत सांगितली, तर म्हणाले, प्लेटी तुझ्यासमोर भरल्या असतील, पण गाडीत त्याच घातल्या हे तू पाहिलंस का? ते काही मी पाहिलं नव्हतं.

मग हेच त्यांनी जामखेडच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, ट्रकवाल्यांच्या भरल्या घोळक्यात मोठ्यानं सांगितलं. रंभाजी समोर उभा होता, आणि मीही ह्यांच्यासोबत आले होते. "दाजी, च्या घ्या," एवढंच तो म्हणाला. जावयाला चारचौघांत उलटून बोलायची आमच्याकडं रीत नाही. पण बघणाऱ्यांना वाटलं, गडी गप्प बसला म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. त्याचं गिऱ्हाईक एकेक करून तुटलं, आणि उरलंसुरलं बहात्तरच्या दुष्काळानं नेलं. त्या साली भाऊबीजेला तो आला नाही. मी ओवाळणीचं ताट तसंच झाकून ठेवलं.

उन्हाळ्यात चुलतभाऊ बन्सी निरोप घेऊन आला. रंभाजी दुकान बंद करून बायकापोरांसह सुरतेकडं निघालाय, रविवारी दुपारच्या गाडीनं. मी ह्यांना सांगितलं, मी जाणार, आणि तुम्ही त्याच्याशी दोन शब्द नीट बोलणार. ते म्हणाले, तुला सोडतो, बोलायचं मात्र नाव काढू नकोस.

जामखेड थोडं राहिलं असताना एका चढावर इंजिन एकदम किंचाळलं, जळकट वास आला आणि गाडी उभी राहिली. गियर पडलेला, इंजिन चालू, पण चाक हलायला तयार नाही. ह्यांनी आधी वायर पाहिली, ती शाबूत होती. मग दांडी बोटानं हलवून पाहिली, तिला तसूभरही ढिलाई नव्हती. वायर आवळून ठेवली की क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो, प्लेटी एकमेकींना धरत नाहीत, नुसत्या घासतात आणि जळतात. मला हे आता कळतं. त्यांना बहुधा त्या क्षणी कळलं.

रस्त्याच्या कडेला एका वाळल्या बाभळीखाली त्यांनी डाव्या बाजूचं झाकण काढलं आणि प्लेटी बाहेर घेतल्या. बुचं जळून काळी पडली होती. तिसरी प्लेट त्यांनी पुसली आणि त्यांचा हात थांबला. काळ्या बुचांच्या रांगेत एक बूच कडेला अजून जांभळं होतं.

मी ओरडले नाही. ओरडायचं ते सगळं वर्षभरात ओरडून झालं होतं. ह्यांनी स्क्रूड्रायव्हरनं ते बूच उचकटून खिशात टाकलं, प्लेटी पेट्रोलनं पुसून परत बसवल्या आणि वायर सैल केली. गाडीनं कसंबसं धरलं. चढाला आम्ही ढकलत होतो, उताराला बसत होतो. वाटेत ते एकदाच म्हणाले, की आधी उघडायला पाहिजे होतं. मी म्हटलं, व्हय.

स्टँडवर बस लागलेली होती. रंभाजी टपावर गाठोडी चढवून खाली उतरत होता. ह्यांनी बूच त्याच्यापुढं धरलं.

"तुझंच हाय. वायर मी आवळली हुती. चूक माझी हाय, रंभाजी."

रंभाजीनं ते बोटांत फिरवून पाहिलं, कारागिराची सवय. "ज्यांच्याम्होरं तुमी बोललात ती मान्सं आता हितं न्हाईत, दाजी."

हॉटेलला फळ्या ठोकलेल्या होत्या. ट्रकवाले गेले होते, गावची माणसं खडी फोडायच्या कामावर. तरीही हे बंद फळ्यांपुढं उभे राहिले आणि बूच वर धरून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, की रंभाजीनं काम चोख केलं होतं, खोटा मी होतो. गाठोड्यांवर बसलेल्या माणसांनी वर पाहिलं. एका म्हातारीनं विचारलं, ही नगरला जाणारी गाडी का? मला ह्यांची लाज वाटली नाही, फार वाईट वाटलं.

रंभाजीनं बूच त्यांच्या हातात परत दिलं. भोक मोकळं ठेवू नका, घरी गेल्यावर बसवा, म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बसच्या दाराशी मी त्याचा हात धरला. वर्षभर मनात ठेवलेलं विचारलं, की त्या दिवशी तू गप्प का राहिलास, रीत गेली चुलीत.

"आक्का, मी तोंड उघडलं आसतं, तर दाजी तडकले आसते," तो म्हणाला. "अन् तुला त्याच गाडीव, त्यांच्याच मागं बसून घरी जायचं हुतं."

बस सुटली. धूळ खाली बसेपर्यंत मी उभी राहिले. मग मी त्याच गाडीवर, ह्यांच्याच मागं बसून घरी आले.