कमी आवाजाचं मशीन

“आमचीच फळी घाला,” कामिनी म्हणाली. “दुकानातली नको.”

तोताराम शेठने मेकॅनिककडे पाहिलं आणि मान डोलावली. जळगावातल्या त्याच्या दुकानामागच्या गोदामात तीन कटर ओळीने मांडले होते. लोखंडी टेबल, मधून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. आजवर गिऱ्हाइकांनी त्याला ताकद विचारली होती, वॉरंटी विचारली होती, सुट्टे भाग कुठे मिळतात ते विचारलं होतं. आवाज मोजायला कोणी आलं नव्हतं. ही बाई एरंडोलहून एसटीने आली होती, आठ महिन्यांची पोर काखेत घेऊन, आणि मागून नवरा, खांद्यावर बाभळीच्या चार फळ्या दोरीने बांधलेल्या.

“दुकानातलं लाकूड भुसभुशीत राहतं शेठ,” नवरा, अभिमन, म्हणाला. “त्याच्यावर सगळीच मशिनं गोड बोलतात.”

कामिनीने रंगाचा रिकामा डबा मशीनपासून चार पावलांवर उपडा ठेवला. त्यावर मोबाईल उताणा. मोबाईलमध्ये आवाज मोजायचं अॅप तिने आठवडाभरापूर्वी घेतलं होतं आणि घरी सराव केला होता. मिक्सर किती, कुकरची शिट्टी किती, शेजारच्या लताबाई किती. लताबाईंचा आकडा मिक्सरच्या वर गेला तेव्हा दोघं पोट धरून हसली होती.

पण आवाज मोजण्याचं कारणही लताबाईच होत्या. त्यांची आणि यांची भिंत एक. अभिमनने धुळ्याची वखार सोडून घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं, तेव्हा हातकरवत होती, रंधा होता, कोणाला त्रास नव्हता. मग एका शाळेच्या चाळीस बाकांचं काम मिळालं आणि मशीन लागणार हे उघड झालं. लताबाईंच्या यजमानांना हृदयाचा त्रास. त्या दारात येऊन शांतपणे सांगून गेल्या होत्या, “मशीन आणा बाई, पोटापाण्याचं आहे. पण घर हादरलं तर मी नगरपालिकेत अर्ज देईन.” आणि दुसरं कारण कामिनीच्या काखेत होतं, ओढणीचं टोक चोखत.

मोठं मशीन आधी लावलं. पट्ट्यावर चालणारं, जड, हिरवं. सुरू झालं तसं जमिनीतून घुमायला लागलं, गिरणीसारखं. फळी आत गेली. पोरीने डोळे मोठे करून पाहिलं आणि परत ओढणी तोंडात घातली. आकडा आला सत्त्याऐंशी.

मधल्याचा आला त्र्याण्णव.

मग लहान, लाल. मेकॅनिकने बटण दाबलं आणि कामिनीच्या कानात कोणीतरी दाभण घातल्यासारखं झालं. पोर एवढ्या जोरात किंचाळली की तिचा श्वासच अडकला, ओठ निळसर झाले. कामिनी तिला छातीशी दाबून गोदामाच्या दारापर्यंत धावली. मेकॅनिकने एक खांदा वर करून त्यावर कान दाबला होता. कामिनीने मागे वळून पाहिलं, तर अभिमन मशीनवर वाकून, पात्याजवळ डोकं नेऊन, उभा. चेहऱ्यावर देवळातल्यासारखी शांती.

मशीन थांबलं. आकडा एकशे एक.

“हाईच घे,” अभिमन म्हणाला. “याले आवाजच नही.”

तोताराम शेठ हसला. भाऊ गंमत करतायत असं त्याला वाटलं. कामिनीलाही तसंच वाटलं, तिनेही हसायला तोंड उघडलं. पण अभिमन हसत नव्हता.

“ते हिरवं डोकामा घुमस,” तो म्हणाला. “लताबाईना घरनी भिंत हालाडी टाकी ते. हाई बघ, कसं सुरसुरस. कापडमाइन कैची गयी जशी.”

“अहो, एकशे एक आला.”

“तुना मोबाईलले काय समजस लाकूडमधलं?”

“पोर रडली ना.”

“पोर?” त्याने दाराकडे पाहिलं. “कव्हय रडनी?”

पोर अजूनही हुंदके देत होती.

गेल्या वर्षभरातल्या किती गोष्टी एकदम उठून उभ्या राहिल्या. ‘तू आते तोंडमातोंडमा बोलस’ असं तो म्हणायचा आणि ती तो आपल्याच बाळंतपणाचा थकवा समजून मोठ्याने बोलायची. फोन खिशात वाजत राहायचा. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते तो तिलाच विचारायचा. आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा, आमची पोर फार गरीब, रातभर रडत नही. रातभर कामिनी तिला खांद्यावर घेऊन शेडमध्ये फेऱ्या मारायची, आणि तो भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेला असायचा. बापाची झोप म्हणून तिने तेही सोडून दिलं होतं.

सोळा वर्षं तो धुळ्याच्या वखारीत मोठ्या करवतीवर उभा होता. मालकाने कानात घालायचे बोळे आणून दिले होते, ते कोणी वापरत नसे. त्याचे वस्ताद सुपडू आबा पोरांना सांगायचे, की डोळा फळीवर ठेवा, पण काम कानाने करा. लाकूड पात्याला आवळायला लागलं की मोटर अडून बसायच्या आधी एक बारीक सूर निघतो, चिमणीच्या पिलासारखा. तो ऐकला की हात सोडायचा, मागे सरायचं. नाही ऐकला तर फळी उलटी येते. अभिमनचा जोडीदार निंबा एकदा कोणाशी तरी बोलत होता, आणि फळी त्याच्या पोटात बसली. तो जगला, पण पुन्हा ताठ उभा राहिला नाही. ती गोष्ट सांगताना अभिमन दरवेळी म्हणायचा, “ऐकत नव्हता तो.” म्हणून बोळे कोणी घातले नाहीत. ऐकण्यासाठी कान उघडे ठेवले, आणि सोळा वर्षांत उघड्या कानांतून ऐकणं गळून गेलं.

हे सगळं कामिनीला दारात उभ्या उभ्या समजलं. बोलायला हवं होतं. पण समोर तोताराम शेठ होता, तो मेकॅनिक होता. एरंडोलमध्ये ज्याच्या कानाची ख्याती, ज्याला लोक दार कुरकुरतं म्हणून बोलावून नेत आणि जो बाहेरूनच कोणती बिजागरी ते सांगे, त्याला चारचौघांत काय म्हणायचं?

“अहो, जरा बाहेर या,” ती म्हणाली.

“आते काय व्हयनं? पाचनी गाडी चुकी जाई.”

“हिरवं घेऊ. माझ्यासाठी घेऊ.”

तो मग शेठकडे पाहून हसला. “बाईमाणूस आकडा देखस. आपण कान लावतो.”

लाल मशिनं शेठच्या गोदामात बरीच पडून होती. “कारागिराचा कान आहे ताई,” तो म्हणाला, “आपण काय बोलणार? एक मात्र सांगतो, एकदा लाकडावर चाललेलं मशीन परत घेत नाही आम्ही.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोने मशीन एरंडोलला आलं. अभिमनने ते शेडमध्ये खिडकीच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं, उजेड तिकडून येतो म्हणून. नारळ फोडला. लताबाईंना खोबरं नेऊन दिलं आणि भिंतीपलीकडून सांगून आला, “काकू, निवांत झोपा, आवाजच नही याले.” कामिनीने आदल्या रात्री दोनदा बोलायला सुरुवात केली होती. एकदा पोर उठली, एकदा तो म्हणाला, “मोठ्यानं बोल ना,” आणि तेवढ्याने तिचा धीर गेला. डोळ्यांतलं पाणी तिने पोरीच्या टाळूवर टिपलं.

दुपारी तीनला पहिली फळी लागली. आवाज सुटला तसे समोरच्या तारेवरचे पारवे उडाले. पाळण्यात पोर दचकून उठली आणि रडू लागली. भिंतीपलीकडून लताबाई ओरडल्या, “कामिने, विमान उतरलं का गं घरात?” अभिमन पाठमोरा होता. खांदे सैल, मान किंचित डावीकडे कललेली, त्याच्या नेहमीच्या ऐकण्याच्या ढबीत.

कामिनीने पोरीला उचललं. तिला घेऊन मागे विहिरीपाशी जावं म्हणून ती वळली, आणि त्या सगळ्या किंचाळीच्या वर तिला दुसरंच काही ऐकू आलं. अगदी बारीक. आधी वाटलं पोरीचंच. मग पोरीने श्वास घ्यायला रडणं थांबवलं, आणि ते थांबलं नाही.

अभिमन फळी पुढे रेटत होता.

पोरीला तशीच जमिनीवर सोडून ती धावली. तिने बोर्डातली पिन खेचली. तारेला हिसका बसून बोर्ड भिंतीतून अर्धा बाहेर आला.

पातं फिरत फिरत थांबलं.

“लाईट गयी का?” अभिमन म्हणाला. मग त्याला तिच्या हातात पिन दिसली. “याडी व्हयनी का तू? पोटवर फळी उनी असती मना.”

तिने बोट फळीकडे केलं.

फळीने पातं दोन्ही अंगांनी आवळून धरलं होतं. चिरेच्या कडा काळ्या पडल्या होत्या, धूर येत होता. मागचं टोक टेबलापासून दोन बोटं उचललं गेलं होतं. अभिमनने त्या टोकाला हात लावला. तो बराच वेळ त्या काळ्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“वाजनं का?” त्याने विचारलं.

“हो.”

“कितला येळ?”

“बराच.”

तो खाली बसला, भुशात. पोर मातीतून रांगत त्याच्यापर्यंत आली होती, नाक वाहत, तोंड वासलेलं. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने कामिनीकडे वर पाहून विचारलं, “आते रडी राहिनी का ती?”

कामिनीने मान डोलावली. त्याने पोरीला उचलून तिच्या पाठीवर आपला पसरट, चरे पडलेला तळवा ठेवला, आणि डोळे मिटून, तिचं रडणं हाताला लागेपर्यंत तसाच बसून राहिला.

धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे ते दोघं त्या आठवड्यातच जाऊन आले. गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं जपा, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. कानाला लावायचं यंत्र सांगितलं, ते बाकांचं काम झाल्यावर बघू असं ठरलं. लताबाईंनी अर्ज दिला नाही. कामिनी त्यांच्याशी काय बोलली कोणास ठाऊक, पण त्या एवढंच म्हणाल्या, “रोज दोन तास चालवा. तेवढा वेळ मी यांना घेऊन मुलीकडे जाते.”

सोमवारी सकाळी कामिनी शेडमध्ये आली तर मशीन फिरवून ठेवलेलं. भिंतीकडचं तोंड आता घराच्या दाराकडे होतं. उजेड पाठीमागून येत होता, कामाला तो वाईट. दाराच्या उंबऱ्यापाशी अभिमनने एक नवा चौरंग ठेवला होता, तासून गुळगुळीत केलेला. त्याने स्वतःच्या कानांत कापूस घातला होता. पोरीच्या कानांत घालून तिला आतल्या खोलीत निजवलं होतं आणि मधलं दार लावून घेतलं होतं. कामिनीला कापूस कोणी दिला नाही, तिनेही मागितला नाही.

ती चौरंगावर बसली. मांडीवर निवडायला डाळ घेतली होती, पण ताट तिने बाजूला ठेवलं.

अभिमनने बटण दाबलं. एक नजर फळीवर, एक नजर तिच्यावर. तिने मान हलवली की तो रेटत होता. तिने तळवा दाखवला की थांबत होता. पहिली फळी गेली, दुसरी गेली. त्याच्या चेहऱ्यावरचं आखडलेलं काहीतरी जरा सुटलं.

तिसरी फळी अर्ध्यावर असताना मधल्या दारामागे पोर उठली. आधी कुरकुर, मग हाका मारल्यासारखं, मग पडल्यासारखा एक आवाज, आणि त्यानंतर मोठं रडं. कामिनीच्या छातीत दूध दाटून आलं, कुडता ओला झाला.

अभिमन तिच्याकडे पाहत होता, मान डावीकडे कललेली. फळीवर दोन्ही हात.

ती उठली नाही. लाकडाचा आवाज अजून साफ होता. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली.