किती दिवस काढाल?

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि विद्यापीठात सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर लागले होते. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आई, मी आणि माझा पगार. पाहणीचं काम नीट पार पडलं तर तुला कायम करू, असं विभागप्रमुख सरांनी कबूल केलं होतं. पुढे तसं पत्रही टाइप होऊन त्यांच्या टेबलावर सहीसाठी जाऊन बसलं. आई रोज संध्याकाळी दार उघडताना विचारायची, "झाली का गं सही?" चप्पल काढायच्या आधीच मला मान हलवावी लागायची.

आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या बरोबर वर. खालून येणारा कुजक्या अंड्यांचा वास आमच्या सगळ्या फायलींना लागला होता. दोन लोखंडी कपाटं, शाई गळणारं एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि माणसं तीन: सर, मी आणि आकडेमोड करणारा एक सहकारी. त्याला सगळे 'टक्के' म्हणत, कारण तो टक्क्यांशिवाय बोलत नसे. "आजचा चहा साठ टक्के पाणी आहे," हे त्याचं सकाळचं पहिलं वाक्य असायचं.

पाहणीचा विषय होता घरांची आर्थिक सुरक्षितता. साध्या भाषेत, कमावत्या माणसाचं काम थांबलं तर घर किती तग धरतं. शहराचे दोन भाग निवडले होते. टेकडीवरची अधिकाऱ्यांची वसाहत आणि पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्याच्या मागची गल्ली. पाहणीनंतर त्यातल्या एका भागात विद्यापीठ सल्ला केंद्र उघडणार होतं. तिथे एक हिशेब समजणारा माणूस बसणार होता आणि अडीनडीला बिनव्याजी उचल मिळणार होती. अनुदान एकाच केंद्रापुरतं होतं, तेव्हा ज्या भागाची तग कमी, त्याला केंद्र, असा सरळ मामला होता.

सरांनी प्रश्नावली स्वतः लिहिली होती. तिच्यातला चौदावा प्रश्न असा होता: 'उत्पन्नाचा स्रोत खंडित झाल्यास कुटुंबाचा उदरनिर्वाह किती कालावधीपर्यंत शक्य आहे?' पहिल्या दहा घरांत मी तो मोठ्याने वाचला. बायका माझ्याकडे बघत, मग दाराच्या चौकटीकडे. एकीने विचारलं, "हे कोर्टाचं आहे का? मग मालक घरी नाहीत." आतून मालक खोकत होते.

तेव्हा मी तो प्रश्न माझ्या मनाने बदलला. 'मिळकत थांबली तर किती दिवस काढाल?' कागदावर लिहून सरांना दाखवला. ते हसले. "वा, याला म्हणतात बोलणं," म्हणाले आणि नवीन प्रती काढायला सांगितल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खाली पाच रकाने तसेच ठेवले: आठवडा, महिना, तीन महिने, वर्ष, वर्षाहून जास्त. कुणी 'कितीही' म्हणालं तर शेवटच्या रकान्यात खूण करायची, अशी सूचना होती.

गल्लीत मला 'कागदवाली' म्हणू लागले. आधी माझीच पाहणी व्हायची. लग्न झालंय का, का नाही झालं, पगार किती, आई काय म्हणते. मग माझी पाळी. 'किती दिवस' म्हटलं की हशा पिकायचा. एक गरोदर बाई ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "मला तर सातवा लागलाय, लिहा." तिची सासू आतून ओरडली, "अगं, ती कशाचे दिवस विचारतेय आणि तू कशाचे सांगतेस."

गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली एक बाई कपड्यांना इस्त्री करायची. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही. नवरा डब्यांच्या कारखान्यात झाळकाम, म्हणजे पत्र्याचे सांधे जोडायचं काम, करायचा, एक मुलगी शाळेत. कोळशाची जड इस्त्री ती अशी फिरवायची की जणू हातात रुमाल आहे.

"वहिनी, मिळकत थांबली तर किती दिवस काढाल?"

"कितीही काढू," ती कॉलरवरून नजर न काढता म्हणाली.

"म्हणजे वर्षभर?"

"वर्षाचं काय घेऊन बसलात. लग्न झाल्यापासून तेच करतेय."

मी पाचव्या रकान्यात खूण केली. त्या गल्लीत अशा खुणा मी शेकड्यांनी केल्या, सगळ्या एका मापाच्या, सुबक. कोणी म्हणे, "निघतात हो." कोणी म्हणे, "काढायचे म्हटलं की निघतात." टेकडीवरच्या वसाहतीत मात्र एक बँक अधिकारी आतून डायरी घेऊन आले, पाच मिनिटं पेन्सिलीने काहीतरी करत बसले आणि म्हणाले, "तीन महिने. साडेतीन लिहा, पण मोटारीचं पेट्रोल सोडून."

चार महिन्यांनी टक्केने सगळ्याची गोळाबेरीज सरांपुढे ठेवली. गल्लीतली एकाहत्तर टक्के घरं पाचव्या रकान्यात. वसाहतीतली चार टक्के.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि कागद पुन्हा वाचला. "आपण ज्यांना गरीब समजत होतो," ते हळूच म्हणाले, "ते आपल्यापेक्षा भक्कम आहेत. शेजारपाजार, नातीगोती, हीच त्यांची बँक." त्यांनी त्याच दुपारी एका मोठ्या परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला. केंद्र वसाहतीच्या क्लबात उघडायचं ठरलं.

"सर, माझा यावर चाळीस टक्के विश्वास बसत नाही," टक्के म्हणाला.

"मग उरलेल्या साठावर काम करा," सर म्हणाले. त्यांचा मूड चांगला होता. मला म्हणाले, "सोमवारी तुझ्या पत्राचं उरकून टाकू."

ते ज्या दिवशी असं म्हणाले तो मंगळवार होता. त्याच दुपारी सात फॉर्मांवर सह्या राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून मी दीड-दोन महिन्यांनी पुन्हा गल्लीत गेले. त्या सातांत वहिनीचा एक होता.

जिन्याखाली टेबल होतं, इस्त्री नव्हती. वहिनी टेबलाशी बसून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर बटणं शिवत होती. एका पट्टीवर बारा बटणं, अशा पट्ट्यांचा ढीग शेजारी. मुलगी शाळेच्या वेळात घरीच होती आणि तीही शिवत होती.

"इस्त्री कुठे गेली, वहिनी?"

"गेली. आपल्या पायांनी गेली म्हणायचं." तिने दोरा दातांनी तोडला. "कारखाना बंद पडून महिना झाला. ह्यांना अजून कुठे लागत नाही. आणि कारखान्याच्या बाबू लोकांचेच शर्ट यायचे माझ्याकडे. ते घरी बसले, शर्ट कोण घालतंय?"

मी फॉर्म काढला. आजही मला कळत नाही की मी सही घेऊन गप्प का नाही निघाले. मी म्हटलं, "पण तुम्ही तर सांगितलं होतं, वर्षाहून जास्त."

"मी? कधी?"

मी तिला प्रश्न वाचून दाखवला आणि तिचं उत्तर वाचून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"बरोबर आहे की," ती म्हणाली. "काढतेच आहे."

मी फॉर्मवरच्या माझ्या सुबक खुणेकडे बघत राहिले. तिला वाटलं असावं, ही रागावली, कारण तिने समजुतीच्या सुरात पुढे सांगितलं, "ताई, दिवस काय, काढायचे म्हटले की निघतात. इस्त्री विकून निघतात, पोरीला बसवून निघतात. पुरतं का, हे तुम्ही कुठे विचारलंत?"

तिने सही केली. मी उरलेल्या सहा घरी गेले आणि त्यांतल्या पाचव्या रकान्यातल्या चार घरांना हाच प्रश्न पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारला. चारही ठिकाणी वहिनीचंच उत्तर आलं. मग घरी आले.

आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारी सही होऊ दे. मंगळवारी सांग."

तिचं काही चूक नव्हतं. बुधवार, गुरुवार मी गप्प बसले. ऑफिसात फायली लावल्या, सरांच्या निबंधाच्या प्रती काढल्या. त्या निबंधात माझा प्रश्न पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत होता. शुक्रवारी टक्के माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"खाई त्याला खवखवे. काय खाल्लंस?"

मी त्याला सांगितलं. त्याने खुर्ची ओढली, तो बसला आणि या वेळी त्याने एकही टक्का काढला नाही. मग म्हणाला, "केंद्र क्लबात गेलं की मग ते तिथून हलणार नाही. त्यांच्याकडे पंखा आहे."

मी सरांच्या खोलीत गेले. पत्र त्यांच्या डाव्या हाताला होतं, काचेच्या गोळ्याखाली. मी उभ्या उभ्या सांगितलं, कारण बसले असते तर माझ्याच्याने पुरं झालं नसतं. गल्लीने जे उत्तर दिलं ते हाल सोसण्याचं, आपण लिहिलं ते शिलकीचं. प्रश्नातला 'काढाल' हा शब्दच चुकला होता.

सर आधी म्हणाले, "एका बाईवरून असं ठरवता येत नाही."

"पाच घरं झाली, सर."

"पाच म्हणजे एक टक्का," ते म्हणाले. दाराबाहेरून टक्केचा आवाज आला, "एक पूर्णांक दोन, सर. पण पाचच्या पाच."

सरांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "प्रश्न कोणी बदलला?"

"मी."

"मला दाखवला होतास?"

"हो सर. तुम्ही चांगला आहे म्हणालात."

"ते मला आठवत नाही." ते रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. परिषदेचं तिकीट त्यांच्या खणात होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी काचेचा गोळा उचलला, पत्र घेतलं आणि त्याच खणात ठेवलं. "याचं नंतर बघू. अनुदान समितीच्या बैठकीला अजून तीन आठवडे आहेत. किती घरं?"

"गल्लीतली चारशे बारा."

"आणि वसाहतीतली?"

"तीही करावी लागतील," मी म्हटलं. "दोन्हीकडे एकच प्रश्न हवा."

ते पहिल्यांदाच थोडं हसले. "हे तरी तुला शिकवलं मी."

नवा प्रश्न टक्केने आणि मी मिळून केला. 'घरात आज जे आहे ते, कोणापुढे हात न पसरता आणि काही न विकता, कुठल्या वारापर्यंत पुरेल?' वसाहतीत लोक वैतागले. बँक अधिकारी म्हणाले, "वार काय विचारता? महिना विचारा." गल्लीत मात्र या वेळी कोणी हसलं नाही. बायका बोटांवर मोजू लागल्या, कोणी आत जाऊन डबे उघडून आल्या. गरोदर बाई आता बाळाला मांडीवर घेऊन होती, तिची सासू म्हणाली, "आजचा दिवस धरायचा का सोडायचा?"

वहिनीने विचारलं, "आज बुधवार ना? मग शुक्रवार लिहा. शनिवारी बटणवाला येतो."

एकोणीस दिवसांत आम्ही दोघांनी सगळी घरं पुरी केली. समितीपुढे सरांनी नवे आकडे ठेवले, जुन्यांचा उल्लेख न करता. केंद्र गल्लीत, इस्त्रीच्या जिन्यासमोरच्या खोलीत उघडलं. पंखा नव्हता. उद्घाटनाला मी नव्हते. माझे सहा महिने आदल्या आठवड्यातच संपले होते आणि खणातलं पत्र बाहेर आलं नव्हतं. माझ्या जागी मोठी पदवी असलेला एक माणूस घेतला. मला एक दाखला मिळाला, त्यात 'कामात काटेकोर' असं लिहिलं होतं. आईने तो वाचून परत घडी घातली आणि म्हणाली, "काटेकोरपणाला दुकानात काय देतात?" महिनाभर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

सर त्या वर्षी परिषदेला गेले नाहीत, पुढल्या वर्षी गेले. त्यांचा सगळ्यांत गाजलेला निबंध प्रश्नांतल्या शब्दांमुळे उत्तरं कशी फिरतात यावर होता. त्यात चौदावा प्रश्न आहे आणि 'एका क्षेत्र-कार्यकर्तीने' असा उल्लेख आहे. पुढे ते दुसऱ्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. निवृत्तीनंतर एकदा रस्त्यात भेटले, मला ओळखलं, पण नाव त्यांना आठवलं नाही.

टक्के संगणकाच्या कंपनीत गेला आणि दूर गेला. दर वर्षी त्याचं एक पत्र यायचं, तब्येत किती टक्के आहे ते सांगणारं. शेवटच्या पत्रात बावीस लिहिलं होतं.

मला एका शाळेच्या कार्यालयात नोकरी लागली. तिथेच मी एकतीस वर्षं काढली, कायम होऊन. आई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली.

केंद्र नऊ वर्षं चाललं. अनुदान संपलं तेव्हा खोली बंद झाली. आता तिथे मोबाइल दुरुस्त करतात.

वहिनीने केंद्रातून एकदाही उचल घेतली नाही. "समोरच्या खोलीत सही करायची आणि मग गल्लीला चघळायला द्यायचं," ती म्हणायची. दुसऱ्यांना मात्र हाताला धरून न्यायची, आणि नंतर उचल कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळीत बसायची. नवरा परगावी कामाला गेला, सहा वर्षांनी परत आला. मुलगी एक वर्ष मागे पडली, पण शाळेत परत गेली आणि परिचारिका झाली. विजेची इस्त्री घेतल्यावर वहिनीने मला मुद्दाम बोलावून दाखवली आणि "तुमची एक साडी इस्त्रीला आणून द्या" म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. तिने पैसे घेतले नाहीत.