अलगद उतरलेलं सफरचंद

बस दुरुस्तीच्या त्या कारखान्यात, विश्रांतीच्या खोलीत खाऊचं एक मशीन होतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, की आतली स्प्रिंग गर्रकन फिरे आणि पाकीट धप्पकन खाली पडे. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, चॉकलेटं आणि गोड सोडा, याखेरीज त्यात काही मिळत नसे. आरोग्य तपासणीत बऱ्याच जणांची साखर वाढलेली निघाली, तेव्हा साहेबांनी मशीनमधला खाऊ बदलायचं ठरवलं आणि ते काम नव्याने रुजू झालेल्या कल्याण अधिकारी मॅडमच्या गळ्यात घातलं.

मॅडम म्हणजे इंजिन विभागाच्या फोरमनची थोरली लेक. आणि विरोधात सगळ्यात वरचा सूर फोरमनचाच.

"मॅडम, आम्ही काय शेळ्या आहोत?" जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांदेखत गरजला. "उद्या बटण दाबलं की गवताच्या पेंढ्या पडतील!"

खोलीभर हशा पिकला.

"बाबा, निदान चाखून तरी बघा..." म्हणता म्हणता तिने जीभ चावली. "फोरमनसाहेब."

आता तर लोक टेबलं बडवायला लागले. फोरमनलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तिने लांब टेबलावर वाट्या मांडल्या. भाजलेले शेंगदाणे, खारवलेले चणे, खजूर, बिनसाखरेचं दही, ओटची बिस्किटं, फळं आणि लिंबाचं साधं पाणी. जे आवडेल त्याच्यापुढे बोल्टचा एकेक नट ठेवायचा, एवढंच तिने सांगितलं. भिडेखातर ठेवू नका, खरोखर खाल त्यालाच ठेवा.

ओटचं बिस्किट चघळत इलेक्ट्रिशियनने विचारलं, "हे खोक्यातलं आहे की खोक्याचं आहे?" त्या बिस्किटापुढे शेवटपर्यंत एकही नट आला नाही. शेंगदाणे आणि दही जोरात चाललं. सफरचंदांपुढे तर नटांचा ढीगच झाला. फोरमनने खिशातून बसच्या चाकाचा भलामोठा नट काढला आणि स्वतःच आणून ठेवलेल्या सोड्याच्या बाटलीपुढे ठणकन आपटला.

"बरं, सोड्याची एक रांग राहू दे," ती म्हणाली. "बाहेर जाऊन चोरून पिण्यापेक्षा बरं."

एवढ्या सहज मिळाल्यावर भांडायला काही उरलंच नाही, याचं फोरमनला जरा वाईटच वाटलं.

नवा खाऊ भरला त्या दिवशी रंगाऱ्याने हौसेने सफरचंदाचं बटण दाबलं. स्प्रिंग फिरली, सफरचंद वरच्या कप्प्यातून सुटलं आणि तळाशी आदळलं. बाहेर काढलं तर एक गाल पार दबलेला. पाठोपाठ दह्याचा डबा पडला आणि फुटला. काच आतून पांढरी झाली.

फोरमन खो खो हसला. मग त्याची नजर लेकीवर गेली. ती गुडघ्यावर बसून दही पुसत होती. त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने न सांगता स्वयंपाकघरातली फळी उचलली, कपाटाला तिरकी टेकवली आणि वरून संत्रं सोडलं. ते घरंगळत जाऊन कोपऱ्यात आदळलं.

"बाबा, काय करताय?"

"फळाचा काय दोष? ते मशीन बनलंय पाकिटांसाठी. फळाला उतरायला वाट नको?"

मग दोघं मिळून कामाला लागले. खाली उशी ठेवून पाहिली, तर संत्रं उसळून भांड्यांत गेलं. फळीवर गोधडी पसरली, तर ते मध्येच अडून बसलं. आईच्या पायाशी तिसरं संत्रं आलं, तशी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, वरून एकदम कशाला सोडता? बाळाला पाळण्यात ठेवतात तसं उतरवा की! या हातातून त्या हातात, त्या हातातून खाली."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं.

"रबराच्या पट्ट्या!" दोघं एकदमच ओरडले.

जुन्या बसच्या दारांचं मऊ रबर कारखान्यात पडूनच होतं. साहेबांची आणि मशीनवाल्यांची परवानगी लेकीने काढली. फोरमनने पट्ट्या कापल्या, रंगाऱ्याने भोकं पाडली, आणि आतल्या दोन्ही बाजूंनी, एकीखाली एक, अशा पट्ट्या बसल्या. पहिला मान कुणाचा यावर वाद झाला, शेवटी सगळ्यांनी फोरमनलाच पुढे ढकललं.

त्याने बटण दाबलं. सफरचंद सुटलं, पहिल्या पट्टीवर टेकलं, ती वाकली. दुसरीवर आलं, तिसरीवर आलं, आणि शेवटी ट्रेमध्ये अलगद येऊन थांबलं. जराही डाग नाही. खोलीत जो जल्लोष झाला, तो ऐकून साहेब चष्मा हातात घेऊन धावत आले.

फोरमनने मोठा घास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आंबट आहे," तो म्हणाला, आणि बियांपर्यंत खाऊन टाकलं.

पुढे सोड्याची रांग आपोआप मागे पडली. तिथे आता दह्याचे डबे असतात, तेही न फुटता उतरतात. गेल्या आठवड्यात पलीकडच्या कारखान्यातून निरोप आला, आमचंही मशीन तसं करून द्या. फोरमन रबराची गुंडाळी खांद्यावर टाकून निघाला, लेक हत्यारांची पेटी घेऊन मागे. दारात त्याने ओळख करून दिली, "या आमच्या मॅडम. मी यांचा मदतनीस."

"आणि बाबा," लेक म्हणाली, या वेळी जीभ न चावता.