पळायला सांगितलं होतं

एव्हरेट पेटवेला शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. आधीचा क्वार्टरबॅक बडी लँगफर्डचा घोटा मोडला, आणि मॅक्लिनच्या शाळेत तेवढा लांब आणि नेमका चेंडू फेकणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून नाइलाजाने त्याला उभा केला. अलाबामातल्या त्या गावात काळ्यांची शाळा बंद करून एव्हरेटसकट सगळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत घातली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. जुन्या शाळेचे कोच एमस लेडबेटर यांनी चौदा वर्षं संघ घडवले होते. नव्या शाळेत त्यांच्या वाट्याला हेल्मेटं, टॉवेल आणि पाण्याचे कॅन आले. कोच आता गोरा डनवे होता.

डनवे तोंडाने वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी एव्हरेटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ पोरा, पाय तुझे, डोकं माझं. मी सांगेन त्या गड्याकडे बघायचं. तो मोकळा नसला की विचार करत बसायचं नाही, पळत सुटायचं. तुम्हा लोकांना देवाने पायच तसे दिलेत."

एव्हरेट 'हो सर' म्हणाला. आईने घरून तेवढंच शिकवून पाठवलं होतं.

क्वार्टरबॅकचा सगळा संसार तीन सेकंदांचा. चेंडू हातात आला की समोरचे धटिंगण त्याला लोळवायला सुटतात. आपली पाच जणांची फळी त्यांना जमेल तेवढं थोपवते. आणि तेवढ्यात कोण मोकळा होणार हे हेरून चेंडू फेकायचा असतो. लेडबेटर सरांनी हे त्याला बाराव्या वर्षीच शिकवायला घेतलं होतं. चिंध्या भरलेली पोती घेऊन तीन पोरं त्याच्यावर तुटून पडायची आणि सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बोटं वर करून उभे राहायचे. मार खाता खाता किती बोटं आहेत ते ओरडून सांगायचं. चुकला की पुन्हा. सर म्हणायचे, "अंगावर येणाऱ्याकडे बघू नकोस. तो येतोच आहे. तो जिथून निघाला, तिथे जागा रिकामी झाली. ती बघ."

पण डनवेच्या संघात बघायची मुभा नव्हती. दोन सामने एव्हरेट सांगितल्याप्रमाणे पळाला. एक जिंकले, एक हरले. आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या संघांना कळून चुकलं, की मॅक्लिनचा क्वार्टरबॅक दाबला की उजवीकडे पळतो.

हार्लन स्प्रिंग्जच्या संघाने त्याची पुरेपूर तयारी केली होती. टकर व्हॉस नावाचा त्यांचा गडी बैलासारखा होता. तो डावीकडून मुसंडी मारायचा, आणि उजवीकडे दुसरा एक जण जागचा न हलता एव्हरेटची वाट बघत थांबायचा. पहिल्या अर्ध्यात त्यांनी त्याला सहा वेळा जमिनीवर घातला. उठताना दर वेळी व्हॉस विचारायचा, "काय रे सशा, आज बीळ सापडेना वाटतं?" एव्हरेटच्या तोंडात माती आणि रक्त होतं. गुण झाले होते सतरा-सहा, त्यांच्या बाजूने.

मध्यंतरात डनवेने बजावलं, की आता चेंडू फेकणं बंद. पळायचं, नाहीतर बाहेर बसायचं.

"सर, मी पळतो म्हणून तर ते मारतायत," एव्हरेट म्हणाला. "त्यांना ठाऊक आहे मी कुठे जाणार ते."

लेडबेटर सर कोपऱ्यात टॉवेल पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले. डनवे म्हणाला, तुला विचारलं नाही, आणि बाहेर निघून गेला.

एव्हरेट डॉइल क्रेनशॉसमोर जाऊन उभा राहिला. व्हॉसला अडवायचं काम डॉइलचं होतं. गोरा, थोराड, कमी बोलणारा. दोन वर्षांत दोघे एकमेकांशी दहा वाक्यं बोलले असतील नसतील.

"मला तीन सेकंद दे."

"तो बैल आहे," डॉइल म्हणाला. "दोन देतो."

"दोनात भागवतो."

दुसऱ्या अर्ध्यात पहिल्याच खेळीला कोचने पळायची खूण केली. एव्हरेट जागचा हलला नाही. डॉइल मागे मागे रेटला जात होता, त्याच्या बुटांनी गवतात चर पडत होते. एव्हरेटने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं आणि फेकला. पुढच्या क्षणी व्हॉस त्याच्या बरगड्यांवर होता. चेंडू वीस यार्डांवर, झेल घ्यायला धावलेल्या टॉमी रेच्या हातात विसावला. डनवे कडेला उभा राहून ओरडत होता. प्रेक्षक त्याहून मोठ्याने ओरडत होते, आणि जमत असलेल्या पोराला बाहेर काढायची हिंमत त्याला झाली नाही. त्या चढाईत मॅक्लिनने सहा गुण घेतले, वर चेंडू लाथेने खांबांमधून मारल्याचा एक. सतरा-तेरा.

त्यानंतर एव्हरेटने चुकाही केल्या. एक चेंडू सरळ समोरच्याच्या हातात दिला. डाव्या बरगडीत श्वास अडकायला लागला. पण पळाला नाही. व्हॉसने सशाचं विचारणं कधी सोडलं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

शेवटचं मिनिट. गोलरेषा नऊ यार्डांवर, आणि चारपैकी शेवटचा प्रयत्न. डनवेने खूण केली: उजवीकडे पळ.

एव्हरेटने समोर बघितलं. त्यांच्या मधल्या फळीतला एक जण पुढे झुकून दात विचकत होता. हा येणार नाही, त्याच्या मनाने घेतलं. हा नुसता दाखवतोय. डावीकडचा मात्र ढगांकडे बघत उभा होता, आणि त्याच्या टाचा उचललेल्या होत्या. हा येणार. म्हणजे डावीकडे मागे जागा रिकामी होणार.

चेंडू हातात आला. ढगांकडे बघणारा सुटला. डॉइल एका गुडघ्यावर कोसळला तरी व्हॉसच्या कमरेला बिलगून राहिला. टॉमी रे अजून त्या जागेपर्यंत पोचला नव्हता. आत्ता फेकला असता तर वाया. अर्ध्या श्वासाहून जास्त उशीर झाला तर चेंडू हातातून सुटणारच नव्हता. उजवीकडची वाट डोळ्याच्या कोपऱ्यात मोकळी दिसत होती, अगदी बोलावत होती. तिच्या तोंडाशी कोण थांबलाय हे त्याला माहीत होतं. त्याने तो अर्धा श्वास काढला, आणि जिथे कुणीच नव्हतं तिथे चेंडू फेकला.

मग दोघे एकदम अंगावर आले. झेल त्याला दिसलाच नाही. आकाश दिसलं, आणि मागून आवाज आला. आधी काळी माणसं बसायची त्या टोकाकडून, मग सगळीकडून. डॉइलने त्याला हाताला धरून उठवलं.

"दोनाच्या वर दिलेत," डॉइल म्हणाला.

डनवे मैदानात चालत आला. "मी पळायची खूण केली होती."

"पाहिली होती सर."

"मग?"

"बरोबर नव्हती."

डनवेचा चेहरा तांबडा झाला. पण लोक त्याचाच हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, त्यामुळे त्याला हसावं लागलं. पुढच्या सामन्यांत त्याने उजवीकडे पळायची खूण केली नाही. चूक कबूलही केली नाही.

डिसेंबरात एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस घरी आला. एव्हरेटची आई व्हर्नेल हिने रताळ्याचा भाजलेला गोड पदार्थ पुढे ठेवला. माणूस म्हणाला, सगळं शिक्षण फुकट. फक्त एव्हरेटने तिथे झेल घ्यायचे. क्वार्टरबॅकचं काम डोक्याचं, ताणाचं; तुमच्यासारख्या मुलांना ते झेपत नाही, असं आमचा अनुभव सांगतो.

"मग मी नाही येत," एव्हरेट म्हणाला.

माणूस गेल्यावर व्हर्नेल चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. गिरणीत उभं राहून तिच्या पायांची लाकडं झाली होती, आणि पोराने चालून आलेली लक्ष्मी लाथाडली होती. पाचव्या दिवशी जेवण वाढताना म्हणाली, "आता फेकशील तर नीट फेक."

लेडबेटर सरांनी काळ्यांच्या एका लहानशा कॉलेजला पत्र लिहिलं. तिथे फी अर्धीच माफ होती. उरलेल्यासाठी खानावळीत भांडी घासायची.

ऑगस्टमधल्या पहिल्या सरावाला तिथल्या म्हाताऱ्या कोचने हातातल्या कागदावरून नजर न उचलता विचारलं, "कुठे खेळतोस?"

एव्हरेट छाती काढून, भांडणाच्या तयारीने म्हणाला, "क्वार्टरबॅक."

"बरं. त्या रांगेत जा."

रांगेत सहा जण उभे होते. सहाही काळे, सहाही क्वार्टरबॅक, आणि सहाही जण त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते. एव्हरेटला हसू आलं. तो सातवा जाऊन उभा राहिला आणि पुढच्याला म्हणाला, "सरक जरा. फार वेळ मागे थांबणार नाहीये मी."