दादाची बाजू

सुतार दुकानाच्या मधोमध टेप धरून उभा होता आणि मला अजून दादाची सही मिळाली नव्हती.

दुकान चष्म्यांचं, वडिलांनी उभं केलेलं. मधे फळी लावून दुकानाचे दोन भाग करायचे होते: काचा घासायचं मशीन माझ्याकडे, काउंटर दादाकडे. फळीचा हट्ट माझाच. बाबा गेल्यापासून आम्ही कामापुरतं बोलतो: डावा डोळा, उजवा डोळा, नंबर. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी परगावी नोकरीला होते, आणि दादाने मला फोन केला तो सगळं संपल्यावर. ते मी त्याला माफ केलेलं नाही.

आणि मी एम.ए. कशात करतेय? तर समेट आणि शांतताउभारणी. दूरशिक्षणाने, दुकान सांभाळून. युद्ध संपलेल्या देशांनी एकमेकांशी कसं वागावं, यावर मी पानंच्या पानं लिहिते. पण या सत्राचा स्वाध्याय भलताच निघाला. स्वतःचं एक भांडण घ्यायचं, ते समोरच्याच्या बाजूने, 'मी' म्हणून लिहायचं, आणि 'हेच माझं म्हणणं' अशी त्याची सही आणायची. आज शेवटची तारीख होती.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," दादा म्हणाला. "आण इकडे."

मला बसवेना, उभं राहवेना. उगाच फ्रेमी पुसत राहिले. दात-ओठ खात लिहिलं होतं, पण लिहिलं होतं चांगलं: 'डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. तिची उगाच धावपळ नको, म्हणून मी कळवलं नाही.' त्याच्याबद्दल इतका बरा विचार मी आजवर केला नव्हता.

दादाने वाचलं. पुन्हा वाचलं. पेन उघडलं, बंद केलं.

"कर की सही! एवढं गोड लिहिलंय तुझ्याबद्दल."

"खोटं आहे हे."

"काय खोटं?"

"डॉक्टर असं म्हणालेच नव्हते. ते म्हणाले, सगळ्यांना बोलावून घ्या." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बाबा सारखे तुला हाका मारत होते. पाय मी चेपतोय, पाणी मी पाजतोय, आणि नाव तुझं. म्हटलं, एकदा तरी माझं घेतील. मग करू फोन."

"घेतलं?"

"नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचांचा ट्रे उचलून आपटावासा वाटला. आणि त्याच क्षणी रडू फुटलं. ते माझ्यासाठी होतं की बाबांनी ज्याचं नाव घेतलंच नाही त्या माणसासाठी, मला कळेना, आणि त्याचाही राग आला.

सुतार खाकरला. "ताई, फळी इथूनच लावायची ना?"

दादाने माझ्याकडे हात केला. त्याने सगळं माझ्यावर सोडलं होतं.

"आज नको," मी म्हणाले. "मला याच्याशी भांडायचंय. मधे फळी नको."